अं.कडून राहिलं तर

माझी बायको वैजयंती गेल्या ऑक्टोबरमध्ये डेंग्यूने गेली. सहा दिवस आजारी होती. पुढे नऊ महिन्यांनी, जुलैत, आमच्या ऑफिसात एक चौकशी सुरू झाली आणि तिच्यात वैजयंतीचं नाव आलं. ते नाव तिथून निघावं म्हणून मी जे काही केलं ते लिहून ठेवतो आहे.

आम्ही दोघं एकाच कंपनीत होतो. कंपनी मालवाहतुकीची, गाझियाबादच्या साहिबाबाद भागात. त्याआधी मी फौजेत होतो, सिग्नल्समध्ये हवालदार. शेवटचं पोस्टिंग दिल्ली कँटला. तिथल्या क्वार्टरमध्ये राहून वैजयंतीने कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि मी रिटायर व्हायच्या आधीच तिला ही नोकरी लागली. त्यामुळे गावी, बीडकडे, परत जायचं राहिलं. तिनेच मला आपल्या हाताखाली लावून घेतलं. ऑफिसात ती माझी वरिष्ठ. सकाळी डबे भरताना म्हणायची, "हवालदारसाहेब, आज तीन मशीनी आहेत. वेळेवर या, नाहीतर वर कळवावं लागेल." वर म्हणजे तिलाच.

आमच्याकडे एकशे चाळीस कॉम्प्युटर. एखादा फार संथ झाला की त्यातलं सगळं पुसून ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकायची. टाकताना ती सिस्टिम वीस-पंचवीस प्रश्न विचारते. भाषा कोणती, डिस्क कुठली, मशीनचं नाव काय. वैजयंतीने या सगळ्या प्रश्नांची उत्तरं एका फाइलमध्ये आधीच लिहून पेन ड्राइव्हवर ठेवली होती. पेन ड्राइव्ह लावायचा, मशीन सुरू करायची आणि निघून जायचं. नंतर येऊन बघावं तर मशीन तयार, प्रिंटर जोडलेला, सगळं जागेवर. मधे कोणी बसायची गरज नाही. पेन ड्राइव्ह बनवणारी ती, आणि तो घेऊन टेबलाटेबलाला फिरणारा मी. ती गेल्यावरही मी तोच वापरत होतो.

जुलैच्या पहिल्या सोमवारी उदयसिंह साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते आमच्या विभागाचे प्रमुख, मेरठचे. त्यांच्यासमोर गुरुग्रामच्या एका ऑडिट कंपनीतून आलेली मुलगी बसली होती. शिवांगी नाव. आमच्या रसिकापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल.

"बैठिए अंकल," ती म्हणाली.

"अंकल मत बोलो," साहेब म्हणाले. "फौजी आदमी हैं, यहीं पुश-अप लगवा देंगे."

ती हसली. मग तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि काय झालं ते सांगितलं. डिस्पॅचमधला एक जण नेटवर्कवर जुनी पावती शोधत होता. शोधता शोधता त्याला जिन्याखालच्या जुन्या सर्व्हरवर एक फोल्डर दिसला. त्यात कर्मचाऱ्यांच्या नावाचे फोल्डर होते, आणि आत त्यांच्या फाइली. ऑफिसच्या आणि घरच्याही. बिलिंगमधल्या सुमित्राताईंच्या फोल्डरमध्ये त्यांच्या गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट होता. कॅन्सरचा. जेवायच्या सुट्टीपर्यंत तो डिस्पॅचमधल्या अर्ध्या लोकांच्या फोनवर गेला होता.

"एकूण एकतीस लोकांच्या फाइली आहेत," शिवांगी हिंदीत म्हणाली. "आणि सर, ऑक्टोबरनंतर तुम्ही ज्या एकतीस मशीनी नव्याने केल्यात त्या याच. म्हणजे इन्स्टॉलेशन चालू असताना असं काहीतरी चालतं जे पडद्यावर दिसत नाही. मी उत्तरांची फाइल वाचली. तिच्यात असं काही नाही. पेन ड्राइव्ह किसने बनाया था?"

साहेब म्हणाले, "मैडम ने. इनकी वाइफ. अब नहीं हैं."

"ओह. सॉरी सर." ती खरंच ओशाळली. मग तिने टाइप केलं. मला पडदा दिसत होता. वैजयंतीचं पूर्ण नाव, आणि पुढे इंग्रजीत दिवंगत.

"उसने नहीं किया," मी म्हणालो.

"तो ढूँढिए सर. पुढच्या गुरुवारी मला रिपोर्ट द्यायचा आहे. तोपर्यंत दुसरं काही निघालं नाही तर मला लिहावं लागेल की बनवणाऱ्या व्यक्तीने त्यात गुप्त प्रोग्राम ठेवला होता."

मला खात्री होती की काहीतरी निघेल. पेन ड्राइव्हमध्ये व्हायरस शिरला असेल, किंवा ती गेल्यावर कोणी हात लावला असेल. तो नऊ महिने माझ्या ड्रॉवरमध्ये होता आणि ड्रॉवरला कुलूप नाही.

मंगळवारी मी उत्तरांची फाइल ओळ न ओळ वाचली. शेवटी तीन कामं लिहिलेली होती: प्रिंटर जोडणे, हिशेबाचं सॉफ्टवेअर टाकणे, अँटिव्हायरस टाकणे. बाकी काही नाही.

बुधवारी एक रिकामी मशीन टेबलावर घेतली. इन्स्टॉलेशन चालू असताना शिफ्ट आणि एफ-टेन ही बटणं एकदम दाबली की एक काळी खिडकी उघडते. तिच्यात हुकूम देता येतात. मी असा हुकूम दिला की दर पाच सेकंदांनी त्या क्षणी जे जे प्रोग्राम चालू असतील त्यांची यादी दुसऱ्या पेन ड्राइव्हवर लिही. फौजेत रात्रपाळीला आम्ही वायरलेसवर कोण कधी बोललं याची नोंद ठेवायचो, तसंच हे. इन्स्टॉलेशन संपल्यावर ती यादी छापली. एकोणीस पानं झाली. प्रत्येक नाव तपासलं. सगळी सिस्टिमचीच. दुसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदा केलं. काही नाही.

त्या दिवशी मी घरी जाताना खूश होतो. वाटलं, शिवांगीला सांगता येईल की या पेन ड्राइव्हमध्ये काही नाही.

गुरुवारी अंघोळ करताना लक्षात आलं की मी रिकामी डिस्क वापरली होती. तिच्यात कोणाचेच कागद नव्हते. चोर असेल तर तो रिकाम्या घरात कशाला थांबेल.

ऑफिसात जाऊन त्याच मशीनवर मी एक खोटा कर्मचारी तयार केला. त्याच्या नावाने चार पत्रं लिहिली, काही फोटो टाकले, एक यादी बनवली. किराण्याची यादी होती, दुसरं काही सुचलं नाही. मग पेन ड्राइव्ह लावून तीच नोंद परत घेतली.

या वेळी तो सापडला. अगदी सुरुवातीला, डिस्क पुसण्याच्या आधी, एक प्रोग्राम उठला. फाइली एका जागेहून दुसऱ्या जागी कॉपी करणारा. पडद्यावर त्याची खिडकी उघडलीच नाही. पडद्यावर नेहमीचंच 'तयारी सुरू आहे'. तेवढ्यात त्याने माझ्या खोट्या कर्मचाऱ्याचे कागद जिन्याखालच्या सर्व्हरवर नेऊन ठेवले आणि तो बंद झाला. मग डिस्क पुसली गेली. तो उत्तरांच्या फाइलमध्ये नव्हताच. इन्स्टॉलेशन सुरू करणारी जी छोटी सिस्टिम आधी मेमरीत येते, तिच्या पोटात ठेवला होता. म्हणून शिवांगीला तो दिसला नाही.

जुन्या मशीनींना नेहमी वीस-पंचवीस मिनिटं जास्त लागायची हे मला तीन वर्षं माहीत होतं. मी समजायचो, जुनी डिस्क आहे, वेळ लागणारच. तेवढ्या वेळात आम्ही दोघं खाली चहाला जायचो. ती मला मुद्दाम खाली नेत असेल का, हे आता कोणाला विचारू.

शुक्रवारी मी ती छोटी सिस्टिम उलगडली. आत चौदा ओळींची एक फाइल मिळाली. व्हायरस नव्हता. बाहेरच्या कोणाचं कामही नव्हतं. वैजयंती प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत ती कशासाठी आहे ते इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. इथेही लिहिलं होतं: "अं.कडून राहिलं तर."

अं. म्हणजे अंबादास. म्हणजे मी.

फाइलची तारीख बघितली. तीन वर्षांपूर्वीची, चौदा मार्च. त्या मार्चमध्ये काय झालं होतं ते मला बघावं लागलं नाही. बारा मार्चला मी डिस्पॅचच्या मॅनेजरची मशीन नव्याने केली होती. करण्याआधी विचारलं होतं, "साहब, बैकअप हो गया?" ते म्हणाले, "हाँ जी, हो गया." मी पुसली. त्यांचं काही झालेलं नव्हतं. दोन वर्षांचं काम गेलं. ते सगळ्यांसमोर मला वाटेल ते बोलले. मी घरी येऊन जेवलो नाही आणि नोकरी सोडतो म्हणालो.

फौजेत कोणी "हो गया साहब" म्हणाला की ते झालेलं असतं. नसलं तर तो तसं म्हणत नाही, कारण पुढचा माणूस त्याच्या भरवशावर पाऊल टाकणार असतो. बावीस वर्षं मी तसंच ऐकलं आणि तसंच सांगितलं. आमच्या ऑफिसात "हो गया"चा अर्थ, मला चहाला जायचंय, तू तुझं उरक. वैजयंतीने हे मला कितीदा समजावलं. "अहो, विचारू नका. स्वतः उघडून बघा." मला ते जमलं नाही. समोरचा माणूस हो म्हणाल्यावर त्याच्या देखत त्याचं कपाट उघडून बघण्यासारखं वाटायचं. मी विचारत राहिलो आणि लोक हो म्हणत राहिले.

पण त्या मार्चनंतर कधीच काही गेलं नाही. कोणी फाइल सापडत नाही म्हणून आला की वैजयंती म्हणायची, "थांबा, बघते." तासाभरात फाइल आणून द्यायची. म्हणायची, मेलमध्ये होती, कुठे कुठे होती. मला वाटायचं, लोक आता सुधारले.

त्याच फाइलमध्ये तिने आणखी एका कामाचा पत्ता दिला होता. मी सर्व्हरवर जाऊन ते उघडलं. रोज सकाळी सहा वाजता, तीस दिवसांपेक्षा जुन्या सगळ्या कॉप्या पुसून टाकणे. म्हणजे तिने कोणाचं काही साठवलं नव्हतं. महिनाभर ठेवायचं, कोणी विचारलं तर द्यायचं, नाहीतर पुसायचं. हे काम ऑक्टोबरच्या एकोणतीस तारखेला शेवटचं नीट चाललं होतं. त्यानंतर रोज सकाळी सहाला तोच शेरा: ज्या लॉगिनने हे काम चालतं ते बंद आहे.

ते लॉगिन वैजयंतीचं होतं. ते मी बंद केलं होतं.

तेराव्यानंतर कामावर आलो तेव्हा माझ्या यादीत पहिलंच काम ते होतं. नियम आहे, माणूस गेला की त्याचं लॉगिन बंद करायचं. साहेब म्हणाले होते, दुसरं कोणी करेल, तुम्ही राहू द्या. मी म्हणालो, नाही, मीच करतो. परक्याने करू नये असं वाटलं. सिस्टिम कारण विचारते. राजीनामा, बडतर्फी, इतर. मी इतर निवडलं. त्या दिवसापासून कॉप्या पुसल्या गेल्या नाहीत. कॉपी होऊन यायला मात्र लॉगिन लागत नव्हतं, तो फोल्डर सगळ्यांना खुला होता. फेब्रुवारीत मी सुमित्राताईंची मशीन केली. त्यांनाही विचारलं असणार. त्याही हो म्हणाल्या असतील.

त्या दुपारी मी सगळ्या कॉप्या पुसल्या, शिवांगीला लागतील ते पुरावे तेवढे ठेवले.

रविवारी रसिका घरी आली. ती आमची मुलगी. दिल्लीत मुनिरक्याला खोली घेऊन राहते, यूपीएससीची तयारी करते. मी तिला सगळं सांगितलं. तिने ती एकोणीस पानंही बघितली, न समजता.

"मग एकदम सिंपल आहे ना बाबा. आईने चोरी नाही केली, बॅकअप केलं. जाऊन सांगा."

"सांगणारच आहे. माझ्या हलगर्जीपणामुळे तिला ते करावं लागलं, हे पण सांगावं लागेल."

"हलगर्जी... म्हणजे?"

"लापरवाही."

"अच्छा." ती म्हणाली. "तुम्ही लापरवाह नाही आहात बाबा. तुम्ही लोकांचं खरं मानता."

"लोकांचं काम तर गेलंच असतं ना त्याने."

"आणि ते लॉगिनचं? ते पण सांगणार?"

"सगळं."

"नोकरी जाईल, यार बाबा."

"जाऊ दे."

"आई असती तर तुम्हाला सांगू दिलं नसतं."

"आई असती तर ते लॉगिन चालू असतं."

तिने ताट उचलून ओट्यावर ठेवलं आणि तिथूनच पाठमोरी म्हणाली, "तिने तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. एवढी तीन वर्षं लपवायचं काय होतं त्यात? घरी नवराबायको होतात ना तुम्ही."

मी म्हटलं, तिने सांगितलं असतं तर मी नोकरी सोडली असती. रसिका म्हणाली, "मग सोडायची होती." मग रडली.

सोमवारी मी साहेबांना आणि शिवांगीला चौदा ओळी दाखवल्या. पहिल्या ओळीचा अर्थ सांगितला. मार्चचं सांगितलं. पुसण्याचं काम दाखवलं, माझ्या हातून बंद झालेलं लॉगिन दाखवलं. साहेबांनी ती पहिली ओळ दोनदा वाचली.

"अं मतलब आप?"

"जी."

ते खिडकीकडे बघत राहिले. "मैडम मुझसे पूछ लेतीं तो मैं हाँ कर देता. एक मेल डाल देतीं बस."

शिवांगीने सगळं उतरवून घेतलं. ती हुशार मुलगी आहे, तिला एकदाच सांगावं लागलं. मग म्हणाली, "सर, मला पटतंय. पण आमच्या रिपोर्टमध्ये वजह का कॉलम नहीं होता. काय झालं, कोणी केलं, कोणाच्या परवानगीने केलं, एवढंच. तीन वर्षं लोकांच्या खाजगी फाइली त्यांना न विचारता कॉपी होत होत्या. ये तो सच है ना?"

"हाँ."

"आणि परवानगी कोणाची नव्हती."

"नाही."

"तो फिर?"

मी म्हणालो, माझं नाव घाला. माझ्यामुळे झालं, लॉगिन मी बंद केलं.

साहेब म्हणाले, "अंबादासजी, लॉगिन बंद करना तो नियम था. उसमें आपकी क्या गलती लिखूँ? और आपका नाम डाला तो ऊपर वाले बोलेंगे, हटाओ. रसिका बिटिया की पढ़ाई चल रही है. मैडम का अब क्या बिगड़ेगा?"

मला फार राग आला. पण ते वाईट बुद्धीने बोलले नव्हते. ऑक्टोबरमध्ये दवाखान्यात दोन बाटल्या प्लेटलेट्सची व्यवस्था त्यांनीच केली होती.

शिवांगीने एक मार्ग सुचवला. तक्रार सुमित्राताईंची आहे. त्यांनी स्वतः लिहून दिलं की माझा वैजयंतीवर संशय नाही, तिने माझ्या फाइली बघितल्या असं मला वाटत नाही, तर ते पत्र रिपोर्टला जोडता येईल आणि 'गुप्त' हा शब्द काढता येईल. "'गुप्त' की जगह 'बिना मंज़ूरी' लिख दूँगी. इतना मेरे हाथ में है."

दुसऱ्या दिवशी मी बिलिंगमध्ये गेलो. सुमित्राताई मूळच्या इंदूरच्या, मराठी. वैजयंतीची आणि त्यांची डबा खायची जोडी होती. मला त्या भाऊजी म्हणतात.

"बसा भाऊजी. तुम्हीच बसा, बाकी सगळे हल्ली उभे राहूनच बोलतात माझ्याशी. आणि हळू आवाजात." त्या हसल्या. "ज्यांनी पाच वर्षांत गुड मॉर्निंग म्हटलं नाही ते रोज येऊन विचारतात, कैसी हैं आप. काल त्या गोदामवाल्याने पपईच्या पानांचा रस आणून दिला. मी म्हटलं, भैया, हा डेंग्यूला देतात, मला काही डेंग्यू..."

मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या थांबल्या. "सॉरी भाऊजी."

"असू द्या. आम्ही पण दिला होता," मी म्हणालो.

मी त्यांना सगळं सांगितलं. फेब्रुवारीत त्यांच्या मशीनवर काय चाललं होतं, का चाललं होतं, आणि नंतर का पुसलं गेलं नाही. माफी मागितली. त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

"तुम्ही विचारलं होतं मला, बॅकअप झालं का," त्या म्हणाल्या. "मी हो म्हटलं होतं. मला ते कसं करतात तेच माहीत नाही."

"वैजयंतीने तुमचं काही उघडून बघितलं नाही, सुमित्राताई. ती तर तेव्हा नव्हतीच."

"अहो, तिला मी स्वतः सांगितलं होतं. गेल्या ऑगस्टमध्ये, रिपोर्ट आला त्याच दिवशी. घरी सांगायच्या आधी तिला. या मजल्यावर तेवढी एकच होती जिला माहीत होतं. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, म्हणून सुट्ट्या घेते. ती माझी बिलं करून द्यायची आणि विचारलं की सांगायची, आई बरी आहे हो तिची." त्यांनी डोळे पुसले. "तुम्हाला पण नाही ना सांगितलं तिने?"

"नाही."

"बघा."

मग मी पत्राचं काढलं. शिवांगी काय म्हणाली ते सांगितलं. हेच जे तुम्ही आत्ता बोललात ते दोन ओळींत लिहून द्या, म्हटलं.

समोरच्या टेबलावरचा माणूस आमच्याकडे बघत होता. त्या त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "कुछ चाहिए?" त्याने मान खाली घातली.

"तो रिपोर्ट कोण कोण वाचणार?"

"सगळे डायरेक्टर. आणि कायद्याचं बघणारे."

"म्हणजे आठ-दहा लोक. आत्ता डिस्पॅचला माहीत आहे, खालच्या मजल्याला माहीत आहे. मी हे पत्र दिलं की वरच्यांनाही कळणार. ऑडिटच्या रिपोर्टमध्ये आत्ता काय लिहिलंय? 'एका महिला कर्मचाऱ्याची वैद्यकीय कागदपत्रं.' नाव नाही. मीच शिवांगीला सांगितलं होतं, नाव नको. पत्रावर सही माझीच लागेल ना?"

"हो."

"भाऊजी, माझे केस आत्ता कुठे परत आले. आत्ता कुठे लोक विसरणार होते की मी सहा महिने टोपी घालून येत होते."

मी उठलो. म्हटलं, राहू द्या, मी मागायला नको होतं.

"रागावलात?"

"नाही."

"तिच्यासाठी मी काही पण केलं असतं," त्या म्हणाल्या. "पण हे नको सांगू मला. हे नको." पहिल्यांदाच त्या मला अरे-तुरे बोलल्या. बहुतेक माझ्याशी नाही, वैजयंतीशी बोलत होत्या. मग विचारलं, "लोकांच्या फोनवरून तो काढता येतो का हो?"

मी म्हणालो, सर्व्हरवरचा मी पुसला. फोनवरचं माझ्या हातात नाही.

वैजयंतीने फाइली उघडल्या नाहीत हे दुसऱ्या कुठल्या मार्गाने दाखवता येतं का, ते मी बुधवारभर बघितलं. कोणी फाइल उघडली तर त्याची वेळ राहते. पण तिच्या हयातीतल्या सगळ्या कॉप्या तिनेच लावलेल्या कामाने कधीच पुसल्या होत्या, त्यांच्याबरोबर वेळाही गेल्या. नुसती कॉपी केली आणि बघितलं नाही, याची नोंद कुठेच होत नाही. एखादा प्रोग्राम चालला असेल तर मी तो शोधून काढू शकतो. न घडलेली गोष्ट मला कुठे सापडणार.

रात्री रसिकाचा फोन आला. मी सुमित्राताईंचं सांगितलं. आधी ती चिडली, "दोन लाइन लिहायच्या होत्या फक्त." मग थोड्या वेळाने म्हणाली, "नाही. मी पण नसतं लिहिलं."

गुरुवारी शिवांगीने रिपोर्ट छापून आणला. अकरा पानं. सातव्या पानावर ते वाक्य होतं. माजी कर्मचारी, मग वैजयंतीचं पूर्ण नाव, यांनी इन्स्टॉलेशनच्या साधनात मंजुरीविना गुप्त प्रोग्राम बसवला, ज्यामुळे कर्मचाऱ्यांची खाजगी माहिती उघड झाली. खाली, शोध घेणाऱ्या तंत्रज्ञाचं नाव: अंबादास. तपासलेली माहिती बरोबर असल्याची सही माझी हवी होती.

"मैंने 'गुप्त' निकालने की कोशिश की," शिवांगी म्हणाली. "पण ते खिडकी न दाखवता चालत होतं. वरून विचारलं तर मी काय उत्तर देऊ?"

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. त्यात खोटं असलेला एक शब्द शोधत होतो. मिळाला असता तर सही केली नसती.

"सर, नसेल करायची तर मी उद्या येईन," ती म्हणाली.

मी म्हणालो, उद्या काय वेगळं असणार आहे. तिने पेन दिलं. मी नाव लिहिलं, पद लिहिलं. तारखेच्या जागी ऑक्टोबर लिहून गेलो. तिने काही न विचारता बोट ठेवून दाखवलं. नियमाप्रमाणे खोडलेल्या जागी पुन्हा सही लागते. मी ऑक्टोबरवर रेघ मारली, जुलै लिहिलं आणि बाजूला छोटी सही केली. त्यामुळे त्या पानावर वैजयंतीच्या नावाखाली माझ्या दोन सह्या आहेत.